मताची वाटणी

कोणत्याहि समाजाची एखाद्या संस्थेविषयींची खरी वृत्ति ओळखावयाची असल्यास त्यानें केलेल्या ठरावांपेक्षां त्याच्या तोंडचे शब्द तपासावे. ठराव विचारपूर्वक लिहिलेले असतात. शब्द सहज निघून जातात. निवडणुकीसंबंधानें मराठी माणूस कोणते शब्द वापरतो तें पाहा. निवडणूक आपण 'लढवितों'. प्रतिस्पर्ध्यास 'पाडतों', 'चीत करतों', 'अस्मान दाखवितों'. मतदारसंघ हा कोणाचा तरी 'गड' असतो, नाहीं तर 'बालेकिल्ला'. तिसरा उमेदवार उभा राहिला कीं तो 'मतें खातो'. चवथा उभा राहिला कीं 'मतविभागणी' होते, आणि ती टाळण्याचें आवाहन दरेक पक्ष दरेक निवडणुकींत करीत असतो. हरणाऱ्यास दिलेलें मत 'वाया जातें'. आणि कोणी कोणाशीं लढलेंच नाहीं तर निवडणूक 'बिनविरोध' होते, व त्या गांवाचें वर्तमानपत्रांतून कौतुक होतें. या शब्दसंग्रहांत आखाडा आहे, किल्ला आहे, जेवणाचें ताटहि आहे. नाहीं तो एकच अर्थ: थोड्या लोकांनीं दिलेलें मत हेंहि मतच होय, व त्याच्या मापानें त्यांच्या पदरांत कांहीं पडलें पाहिजे. 'प्रमाणशीर प्रतिनिधित्व' हा शब्द कायद्यांत आहे, कोशांत आहे. बाजारांत किंवा पारावर तो कोणाच्या तोंडीं आम्हीं ऐकिला नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें कीं, हाच अर्थ साऱ्या देशापुढें मांडण्याचा एक प्रयत्न यवतमाळ जिल्ह्यांतल्या एका वकिलानें केला होता, आणि तो आज त्या जिल्ह्यांतहि फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. काझी सय्यद करीमुद्दीन हे मध्यप्रांत-वऱ्हाडाकडून घटनासमितींत गेलेले एकमेव मुसलमान सभासद. पोलिसांच्या मनमानी झडतीपासून नागरिकांस घटनेनेंच संरक्षण द्यावें अशी त्यांची दुसरी एक सूचना होती, ती डॉ. आंबेडकरांनीं १९४८ च्या डिसेंबरांत मान्य करण्याची तयारी दाखविली असतांहि सभेनें नाकारली. एवढ्यावरून हे गृहस्थ केवळ आपल्या जमातीची बाजू मांडणारे नव्हते हें दिसेल. १९४९ च्या जानेवारीच्या आरंभीं लोकसभेच्या रचनेचें कलम चर्चेस निघालें, तेव्हां त्यांनीं आपली उपसूचना मांडली. तिचा आशय असा कीं, लोकसभेच्या निवडणुका एकसदस्य मतदारसंघांतून न घेतां बहुसदस्य मतदारसंघांतून, संचयी मतदानानें व प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर घ्याव्या. या वादाची कागदपत्रें छापील स्वरूपांत उपलब्ध आहेत. त्यांतील दोन्ही बाजूंचें परीक्षण करून, जनतेच्या मनावर त्यांचा ठसा कां उमटला नाहीं, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम संचयी मतदान म्हणजे काय तें यवतमाळचेंच उदाहरण घेऊन सांगतों. जिल्ह्यांत विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत: वणी, राळेगांव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद व उमरखेड. यांपैकीं तीन राखीव आहेत. ती गोष्ट क्षणभर बाजूस ठेवूं. समजा, सातांचा मिळून एकच मतदारसंघ केला, प्रत्येक मतदारास सात मतें दिलीं, आणि तीं सातांस वांटावीं कीं एकाच्याच पारड्यांत टाकावीं हें त्याच्या मर्जीवर सोडलें. आठ लाख लोकांनीं मतदान केलें व त्यांतील एक लाख एक लोकांनीं आपलीं सर्व मतें एकाच उमेदवारास दिलीं, तर त्यास ७,००,००७ मतें पडतील. उरलेल्या ६,९९,९९९ लोकांनीं कितीहि शिस्तीनें मतें टाकलीं तरी सात उमेदवारांस प्रत्येकीं ६,९९,९९९ हून अधिक मतें त्यांस देतां येणार नाहींत. म्हणजे जिल्ह्याच्या एक-अष्टमांशाहून किंचित् अधिक लोक एकदिल असले तर त्यांचा एक प्रतिनिधि कोणासहि पाडतां येत नाहीं. तो पक्ष असो, धंदा असो, कोलामांचा पोड असो कीं बंजाऱ्यांचा तांडा असो. कायदा त्यांचें नांव विचारीत नाहीं, केवळ संख्या मोजतो.

करीमुद्दीन यांच्या युक्तिवादाचें मर्म येथेंच आहे. विभक्त मतदारसंघांनीं देशाचें काय झालें हें सर्वांनीं पाहिलें होतें. त्याच यवतमाळांत वकिली केलेले, वणीस जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनीं १९३२ च्या जातीय निवाड्याविरुद्ध एवढा आग्रह धरिला कीं, काँग्रेस त्या बाबतींत तटस्थ राहते हें न पटून त्यांनीं १९३४ सालीं पंडित मालवीयांसह निराळा पक्ष काढिला. अण्यांचा आक्षेप असा कीं, धर्मावरून मतदार वेगळे केले तर राष्ट्र दुभंगतें. करीमुद्दीन यांचें म्हणणें असें कीं, एकावन्नांनीं सर्व घ्यावें व एकूणपन्नासांनीं रिकाम्या हातीं परतावें हेंहि लोकराज्य नव्हे, आणि हा प्रश्न धार्मिक अल्पसंख्यांचा तेवढा नसून राजकीय अल्पसंख्यांचाहि आहे. वरवर पाहतां हीं दोन टोकें. परंतु संचयी मतदानांत मतदार वेगळे करावे लागत नाहींत. म्हणून अण्यांचा आक्षेप त्यास लागूं पडत नाहीं, व करीमुद्दीन यांची गरज त्यानें भागते. एका जिल्ह्यांतल्या दोन वकिलांच्या दोन चिंतांस एकच उत्तर असणें शक्य होतें, ही गोष्ट आम्हांस या वादांत सर्वांत लक्षणीय वाटते.

आतां डॉ. आंबेडकरांचें उत्तर. तें थोडक्यांत आहे व दोन मुद्द्यांवर उभें आहे. पहिला असा कीं, या पद्धतींत मतदारास निदान आंकडे ओळखतां व मांडतां आले पाहिजेत, आणि देशांत साक्षरता अत्यल्प आहे. दुसरा असा कीं, आपण संसदीय पद्धतीचें सरकार पत्करिलें आहे. प्रमाणशीर प्रतिनिधित्वानें सभागृहाचे इतके तुकडे पडतील कीं, कोणत्या तरी गटाची मर्जी फिरली कीं सरकार कोसळेल. १९५१ च्या जनगणनेंत शंभरांत सुमारें अठरा लोक साक्षर निघाले, हें लक्षांत घेतां पहिला मुद्दा त्या काळीं पोकळ नव्हता. मात्र टीकाकारानें एक गोष्ट नजरेंतून सुटूं देतां कामा नये. आंकडे मांडण्याची अट एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीस लागू आहे; संचयी मतदानांत एकाच चिन्हाच्या पेटींत अनेक मतपत्रिका टाकल्या तरी काम होतें, व तेवढें करावयास अक्षरओळख लागत नाहीं. डॉक्टरसाहेबांस हें ठाऊक नव्हतें असें म्हणवत नाहीं. १९३५ च्या कायद्याखालीं मुंबई प्रांतांत संचयी मतदान होतें, १९३७ ची निवडणूक त्याच पद्धतीनें झाली, आणि अस्पृश्यवर्गाच्या दृष्टीनें हीच पद्धत हितकर होय अशी त्या काळीं स्वतः त्यांची भूमिका होती. म्हणून आमच्या मतें त्यांच्या उत्तराचा खरा भार दुसऱ्या मुद्द्यावर आहे. फाळणीचा रक्तपात ताजा असतां, संस्थानें नुकतीं विलीन होत असतां, ज्याच्या हातीं घटनेचा मसुदा आहे त्यास सरकार स्थिर असावें असें वाटलें तर त्यास दोष कोण देईल?

तथापि स्थैर्याच्या या युक्तिवादाशेजारीं कांहीं गोष्टी ठेवून पाहाव्या लागतात. ज्या घटनासमितींत हा वाद झाला ती स्वतःच १९४६ सालीं प्रांतिक विधिमंडळांच्या सभासदांनीं एकल संक्रमणीय मतानें निवडलेली होती. राष्ट्रपतीची निवडणूक त्याच मतानें होते असें घटना सांगते. राज्यसभेसहि तीच रीत. म्हणजे आमदारानें मत द्यावयाचें तेव्हां प्रमाण, आणि आमदारास निवडून देणाऱ्यानें मत द्यावयाचें तेव्हां बहुमत, अशी ही मांडणी झाली. शिवाय १९४९ च्या जानेवारींत मसुद्यामध्यें धार्मिक अल्पसंख्यांस राखीव जागा होत्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्या काढून टाकण्याचें ठरलें. तो निर्णय राष्ट्रीय दृष्टीनें योग्य होता असें मानणारे पुष्कळ आहेत. परंतु एक दार बंद करितांना दुसरें उघडावयाचें कीं काय, याचा विचार पुन्हां कोणीं नेटानें केला नाहीं.

या नाकारलेल्या सूचनेचा सूड काळानें विचित्र रीतीनें उगविला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत कांहीं मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. मतदारास दोन मतें होतीं, पण दोन्ही एकासच देण्याची मनाई होती. मुंबईच्या अशा एका मतदारसंघांत डॉ. आंबेडकर उभे राहिले व नारायणराव काजरोळकर यांनीं त्यांचा पराभव केला. मुंबई प्रांतांतली जुनी रीत कायम असती तर तेथें काय झालें असतें, याचा तर्क वाचकांनींच करावा. पुढें १९५४ सालीं विदर्भांतच, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींत, ते पुन्हां उभे राहिले व पुन्हां पडले. तेव्हांची एक हकीकत वऱ्हाड-नागपुराकडे अद्याप सांगतात. आपलें एक मत बाबासाहेबांस देऊन दुसरें कोणासच देऊं नये, म्हणजे 'मत कुजवावें', असें अनुयायांचें म्हणणें पडलें. परंतु ज्यानें घटना लिहिली त्यानें लोकांस मत कुजवावयास सांगावें हें त्यांस रुचलें नाहीं. 'मत कुजविणें' हा शब्द आमच्या मतें मराठी राजकारणांतला सर्वांत बोलका शब्द आहे. हातांतलें धान्य पेरूं दिलें नाहीं तर शेतकरी काय करील? तें कुजूं देईल, पण दुसऱ्याच्या शेतांत पडूं देणार नाहीं. संचयी मतदानाची भूक लोकांस होती. कायद्यानें तिला वाट ठेविली नाहीं, म्हणून ती या उलट्या मार्गानें बाहेर पडली. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानें गेले. शब्द मात्र राहिला आहे.

येथवर पुढाऱ्यांचें झालें. लोकांचें काय? आमचें निरीक्षण असें आहे कीं, मराठी लोकमनास निवड करण्याच्या दोनच रीती ठाऊक आहेत: एक कुस्ती, दुसरी बिनविरोध. कुस्ती झाली कीं एक वर, बाकीचे खालीं. ती नको असेल तर वडीलधाऱ्यांनीं बसून नांव ठरवावें, इतरांनीं मान डोलवावी. या दुसऱ्या रीतींत सलोखा दिसतो खरा, परंतु तिच्या पोटीं काय दडतें हें २०२१ सालीं उघड झालें. नाशिक जिल्ह्यांतील उमराणें व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका, जागांचा लिलाव झाल्याच्या कारणावरून राज्य निवडणूक आयोगास रद्द कराव्या लागल्या. कुस्तींत बळवंताचें चालतें, बिनविरोधांत धनवंताचें. आणि अल्पसंख्याचें दोहोंतहि चालत नाहीं.

साहित्यिकांनीं तरी या बाबतींत निराळा धडा घालून द्यावा अशी अपेक्षा होती. संमेलनाध्यक्षाची निवडणूक हा आमच्या वाङ्मयीन जीवनांतला जुना कलह. इंदिरा संतांसारख्या कवयित्रीचा १९९२ च्या कोल्हापूर संमेलनापूर्वीं निवडणुकींत रमेश मंत्री यांजकडून पराभव झाला, तेव्हांपासून तो अधिकच बोंचूं लागला. अखेर साहित्य महामंडळानें २०१८ सालीं घटना बदलून निवडणूकच काढून टाकिली, आणि या नव्या रीतीनें आलेल्या पहिल्या अध्यक्ष अरुणा ढेरे यांचें संमेलन २०१९ च्या जानेवारींत यवतमाळासच भरलें. अध्यक्षांची योग्यता वादातीत होती. तिजविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु मतमोजणींत दोष आढळला असतां मोजणी सुधारण्याऐवजीं मतच काढून घ्यावें, हा मार्ग लेखकांस सुचला आणि वाचकांनीं तो हायसें वाटून स्वीकारला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्याच संमेलनाच्या उद्घाटनास बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचें निमंत्रण मागें घेण्यांत आलें, व त्यावरून महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. एका गोष्टीनें दुसरी घडली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकमताचा सोहळा चालला असतां भिन्न मतास मांडवांत जागा मिळाली नाहीं, हें दृश्य यवतमाळकरांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

अलीकडचे दोन निकाल या संदर्भांत ताडून पाहावे. २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकींत महाराष्ट्रांत एका आघाडीच्या तीन मुख्य पक्षांस सुमारें ४४ टक्के व दुसरीच्या तीन पक्षांस सुमारें ४३ टक्के मतें पडलीं. जागा मात्र ४८ पैकीं पहिलीस ३० व दुसरीस १७. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विधानसभेच्या निवडणुकींत चक्र उलटें फिरलें: दुसरीच्या तीन पक्षांस सुमारें ४८ टक्के मतांवर २८८ पैकीं २३० जागा, आणि पहिलीच्या तीन पक्षांस सुमारें ३४ टक्के मतांवर अवघ्या ४६. मे-जून महिन्यांत ज्यांस मोजणींत अन्याय दिसला नाहीं त्यांस नोव्हेंबरांत दिसला, आणि उलटहि झालें. परंतु दोहोंपैकीं कोणीहि मोजण्याच्या रीतीविषयीं बोललें नाहीं. बोलणें सर्व यंत्राविषयीं, याद्यांविषयीं, पैशाविषयीं. ते प्रश्न लहान नाहींत. तथापि सर्व यंत्रें निर्दोष व सर्व याद्या शुद्ध असत्या तरीहि हा फरक राहिलाच असता, हें लोकांस कोणीं सांगितलें नाहीं. विधि आयोगानें १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालांत कांहीं जागा पक्षांच्या याद्यांतून भराव्या असें सुचविलें होतें; त्याचीहि गति ग्रंथालयापलीकडे गेली नाहीं.

विरुद्ध पक्षाचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत व ते हलके नाहींत. साक्षरतेचा आक्षेप आतां उरला नाहीं असें म्हणावें, तर अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघाचा अनुभव आड येतो. यवतमाळ जिल्हा त्यांतच मोडतो. तेथें पसंतीचे आंकडे मांडावयाचे असतात, मतदार सर्व पदवीधर. आणि तरीहि २०२३ च्या निवडणुकींत बाद मतपत्रिकांची संख्या हजारांत गेली. यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, रीत सोपी असावी आणि ती लोकांस शिकवावी. पदवीनें ती आपोआप येत नाहीं. स्थैर्याचा आक्षेप अधिक वजनदार. परंतु २०१९ ते २०२३ या चार वर्षांत महाराष्ट्रानें जीं सरकारें व जीं पक्षांतरें पाहिलीं, तीं बहुमताच्याच पद्धतींत घडलीं हें विसरतां येत नाहीं. जातीचा आक्षेप असा कीं, प्रत्येक जात आपली यादी करील. कदाचित् करीलहि. आज तो हिशेब उमेदवारी वांटणाऱ्याच्या खोलींत होतो. उद्यां तो मतदाराच्या हातून होईल. त्यांतलें कोणतें अधिक घातक, याविषयीं आमचें मत अद्याप बनलें नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों.

सर्वांत खरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. झरी-जामणीच्या कापूसवाल्यास सभागृहांतलें प्रमाण नको. त्यास आपल्या दाराशीं येणारा, ओळखीचा, तहसिलींत शब्द टाकणारा एक माणूस हवा. पक्षाच्या यादींतून आलेला सभासद कोणाचा? त्यास धरावयाचें कोठें? पक्षयादीच्या पद्धतीवर हा आक्षेप पुरता लागू आहे, व तिचा पुरस्कार करणाऱ्यांनीं त्याचें उत्तर दिलेलें नाहीं. करीमुद्दीन यांच्या सूचनेवर मात्र तो तितका लागत नाहीं. कारण तींत मतदारसंघ जिल्ह्याएवढाच राहूं शकतो आणि मत माणसासच पडतें. उलट एकाऐवजीं सात दारें राहतील, आणि एकानें तोंड फिरविलें तर दुसऱ्याकडे जातां येईल. आयर्लंडांत स्वातंत्र्यापासून बहुसदस्य मतदारसंघ आहेत. ती पद्धत मोडण्याचा प्रस्ताव तेथील सरकारनें १९५९ व १९६८ असा दोनदां लोकांपुढें ठेविला, दोनदां लोकांनीं तो फेटाळिला. पहिल्या खेपेस तर ज्या दिवशीं त्यांनीं डी व्हॅलेरांस राष्ट्राध्यक्ष निवडिलें, त्याच दिवशीं डी व्हॅलेरांनींच पुरस्कारिलेला हा प्रस्ताव नाकारिला. माणूस मान्य, पण आपल्या मताचें माप त्याच्या हातीं देण्यास नकार, एवढा विवेक सामान्य लोकांस करतां येतो. मात्र त्यासाठीं तें माप आधीं त्यांच्या हातीं आलेलें असावें लागतें.

हा वाद निव्वळ गणिताचा नाहीं असें आम्हांस वाटतें तें याचसाठीं. ज्यानें वयाच्या एकविसाव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत दर खेपेस रांगेंत उभें राहून मत दिलें, आणि ज्याचा माणूस एकदांहि निवडून आला नाहीं, असा मतदार प्रत्येक गांवांत आहे. त्यास आपण काय शिकविलें? तुझें मत वाया गेलें, हें. दहा वेळां हें ऐकल्यावर तो एक तर घरीं बसतो, नाहीं तर वाऱ्याच्या दिशेनें मत टाकतो, नाहीं तर त्याची किंमत सांगतो. आणि मग लोक विकले जातात म्हणून आपण नाक मुरडतों.

आणि नवल असें कीं, वाटणीची कल्पना आम्हांस परकी नाहीं. बाप वारला म्हणजे थोरला भाऊ बळकट आहे म्हणून सारें शेत त्यास जात नाहीं. पंच बसतात, धुरे पाहतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, आणि तलाठ्याच्या दप्तरीं धाकट्याचेंहि नांव लागतें. त्याच्या वांट्यास दोन एकरच आले तरी ते वाया गेले असें कोणी म्हणत नाहीं. शेताच्या बाबतींत जो न्याय प्रत्येक घराला कळतो तो मताच्या बाबतींत कळावयास पाऊणशें वर्षें अपुरीं पडलीं, याचा दोष एकट्या लोकांवर घालतां येणार नाहीं. त्यांच्या भाषेंत हा विषय कोणी बोललेंच नाहीं. करीमुद्दीन यांची उपसूचना जशीच्या तशी स्वीकारावी असा आमचा आग्रह नाहीं. ती जेथें मांडली गेली तेथून उचलून, तिच्या कर्त्याच्या जिल्ह्यांत, पारावर आणून ठेवावी, आणि 'वाटणी' या साध्या शब्दानें लोकांस तिजविषयीं एकदां विचारावें, इतकीच आमची सूचना आहे.